धुरीची दोन शिंगं

नगरपालिकेत मी कंत्राटावर लागले तेव्हा माझ्या ताब्यात एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि तीन डब्या आल्या. डब्या म्हणजे हवेतली बारीक धूळ मोजणारे सेन्सर. जेवणाच्या डब्याएवढे, पांढरे, खालून जाळी असलेले. कुठल्याशा योजनेतून आले होते. एक नगरपालिकेच्याच गच्चीवर बसवला होता, एक बस स्टँडसमोरच्या खांबावर आणि तिसरा जुन्या गावातल्या प्राथमिक शाळेच्या छपरावर. ऑफिसात सगळे त्यांना ‘म्याडमच्या डब्या’ म्हणत.

दर पंधरा मिनिटांनी डबी आकडा पाठवायची आणि माझ्या पडद्यावर एक रेघ पुढं सरकायची. रेघ खाली असली की हिरवी, चढली की पिवळी, मग केशरी, मग लाल. ती रेघ बघायची, महिन्याचा तक्ता भरायचा आणि हवा सुधारण्यासाठी काय करता येईल ते सुचवायचं, एवढं माझं काम. यातलं शेवटचं फक्त नेमणुकीच्या पत्रात होतं. तोंडानं कुणी विचारत नसे.

मला ते बरं वाटे. मी मुळात फार न बोलणारी. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी होतं, पण ते ‘जेवायला चल’ आणि ‘दार लाव’ एवढ्यापुरतं. कागदावरचं मराठी मी याच नोकरीत शिकले, जुन्या फायली वाचत. आकड्यांचं तर विचारू नका. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत अजूनही मी क्षणभर थांबते. पडद्यावरची रेघ मात्र कुठल्याच भाषेत बोलत नव्हती, म्हणून तिच्याशी माझं लगेच जमलं.

पहिल्या हिवाळ्यातच मला तिन्ही डब्यांचे स्वभाव कळले. बस स्टँडची डबी तापट. ढोकीच्या साखर कारखान्याकडं उसाचे ट्रॅक्टर जायला लागले की दोन-दोन ट्रॉल्यांमागं उडणारी धूळ तिला सहन व्हायची नाही. तिथल्या रस्त्यावर सकाळी पाणी मारावं असं मी लिहून दिलं, आणि महिन्याभरानं खरंच टँकर यायला लागला. ती जरा निवळली. गच्चीवरची डबी आमच्या ऑफिससारखीच, सकाळी उशिरा जागी होणारी आणि दुपारी पेंगणारी. शाळेवरची मात्र शहाणी होती. सकाळी थोडीशी चढायची आणि मग दिवसभर हिरवी.

ती शहाणी झाली त्यात एका बाईचा हात होता. शाळेच्या गल्लीत झाडणाऱ्या या सफाई कामगार बाईंना सगळे मावशी म्हणत, मीही. पन्नाशीच्या, काटक, साडीवर नगरपालिकेचं केशरी जाकीट. हाताला लागू नये म्हणून खराट्याच्या मुठीला त्यांनी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली होती. गल्लीत कडुनिंबाची पाच-सहा मोठी झाडं आहेत. त्यांचा पाला झाडून कोपऱ्यात ढीग करायचा आणि काडी लावायची, ही तिथली वर्षानुवर्षांची पद्धत.

मी लागल्यावर पाला जाळण्याबद्दल सफाई कामगारांची एक बैठक घेतली गेली. बोलायचं मी होतं. मी कागदावरून वाचलं. आवाज दुसऱ्या रांगेच्या पुढं गेला नसणार, कारण संपल्यावर मुकादमांनी तेच मोठ्यानं सांगितलं, “ऐकलं का, पाला जाळायचा न्हाय. म्याडमच्या डबीला खोकला येतोय.”

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. उठून उभ्या राहिल्या आणि थेट मला म्हणाल्या, “मग टाकायचा कुठं? घंटागाडीवाला म्हणतो ओला द्या, सुका द्या, पाला घेत न्हाय. पाला काय डोक्यावर ठिवून फिरू?”

तो प्रश्न घेऊन मी टेबलाशी परत आले आणि नोकरीतलं माझं पहिलं मराठी पत्र लिहिलं. शाळेमागच्या मोकळ्या जागेत पालापाचोळ्यासाठी खड्डा मिळावा, असं. खड्डा मिळाला. मावशी रोज ढकलगाडीनं पाला तिथं न्यायला लागल्या. सगळ्या शाळेला वळसा पडायचा. गळतीच्या दिवसांत तीन-तीन खेपा व्हायच्या. पण काडी लावायचं त्यांनी सोडलं ते सोडलंच. कधी दिसल्या की विचारायच्या, “आज किती?” मी सवयीनं इंग्रजीत सांगायचे. त्या म्हणायच्या, “मराठीत सांगा, बाई. एवढं शिकून एकोणसत्तर येत न्हाय व्हय?”

हे सगळं सांगायचं कारण, पुढं मी जे केलं ते कुणाच्या बाबतीत केलं हे कळावं.

फेब्रुवारीत कडुनिंब पिवळा पडून गळायला लागला. त्याच आठवड्यात शाळेवरच्या डबीची रेघ बिघडली. रोज सकाळी नऊच्या सुमारास ती एकदम वर उसळायची, लाल व्हायची, आणि अर्ध्या-पाऊण तासात खाली यायची. दिवेलागणीला पुन्हा तसंच, जरा बुटकं. दिवसभराची रेघ बघितली की एखाद्या जनावराच्या डोक्यावर दोन शिंगं उगवल्यासारखं दिसे. पहिल्यांदा मला वाटलं, डबीच खराब झाली. पण ती बाकीच्या वेळी नीट चालत होती.

महिन्याचा तक्ता भरायची वेळ आली. त्यात ‘वाढीचे कारण’ असा एक रकाना आहे. तो रिकामा ठेवलेला चालत नाही. पाल्याचे दिवस होते, नऊ वाजता त्या गल्लीत झाडणारं माणूस एकच होतं. मी लिहिलं, सफाई कर्मचाऱ्याकडून पाला जाळणे. संध्याकाळचं शिंगही मला दिसत होतं. संध्याकाळी मावशी कामावर नसतात, हेही मला माहीत होतं. पण ते माझ्या वाक्यात बसत नव्हतं, म्हणून मी त्याच्याकडं बघितलं नाही. शाळा माझ्या टेबलापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी गेले नाही. गेले असते तर कुणाशी तरी बोलावं लागलं असतं.

त्यानंतरच्या गुरुवारी मुकादम माझ्या टेबलाशी आले. “म्याडम, तुमच्या डबीनं मावशीला धरलं बघा. साहेबांनी नोटीस काढली.”

मुख्याधिकारी नवीन होते, कडक होते, आणि तक्ते खरोखर वाचणारे होते. हे तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. नोटिशीत लिहिलं होतं की मनाई असताना पाला जाळल्याबद्दल सोमवारच्या बैठकीत खुलासा करावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल. तोवर मावशींची बदली शाळेच्या गल्लीतून भाजी बाजारात.

मावशी नोटीस घ्यायला आल्या तेव्हा मी समोरच होते. त्यांनी कागद वाचायचा प्रयत्न केला नाही. “सही कुठं करू?” एवढंच विचारलं. एकेक अक्षर सावकाश काढत सही केली, कागदाची घडी घालून जाकिटाच्या खिशात ठेवली आणि जाताना माझ्याकडं एकदा बघितलं. रागानं नाही. ओळखीच्या दुकानात वजनात मारलं की बघतात, तसं.

शुक्रवारी सकाळी मी पडद्यासमोर बसून राहिले. नऊ वाजले. शाळेवरची रेघ सरळ वर गेली. लाल.

मावशी त्या वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला कोबीची पानं झाडत होत्या.

ते शिंग माझ्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं, आणि मी काही बोलले नसते तर कुणी पाहिलंही नसतं. गप्प बसणं मला आयुष्यभर जमत आलं होतं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा तसाच ठेवून भाजी बाजारात गेले, ते धैर्य होतं असं मला म्हणायचं नाही. नुसतं बसवेना.

मावशी टोमॅटोच्या क्रेटांमधून खराटा फिरवत होत्या.

“मावशी.”

“बोला. हितं बी डबी लावायची का?”

“आज नऊला शाळेपाशी पुन्हा धूर झाला.”

“व्हनारच.”

“पण तुम्ही तर इथं होता.”

“म्या सकाळी सातपासून हितं हाय. सगळा बाजार साक्षीला हाय.” त्यांनी खराटा भिंतीला टेकवला. “हे आधी इचारायचं असतं, म्याडम. झाडणारीला इचारायचं. त्या गल्लीत कुणाचं दूध उतू गेलं ते बी मला कळतं.”

“माझं चुकलं.”

“काय?”

बाजारात आवाज फार होता. मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. शेजारची मिरचीवाली वळून बघायला लागली.

“चुकलं तर चुकलं,” मावशी म्हणाल्या. “आकडा कळाया उशीर लागला तर चालतंय. माणूस कळाया नको?”

मी विचारलं, धूर कुणाचा आहे? त्यांनी मान हलवली. “सांगत न्हाय. तुम्ही लिवनार. मग मुकादम कागद घिऊन त्या दारात जानार. बाळंतिणीच्या दारात कागद नेत नसत्यात.”

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, मग सांगितलं. शाळेच्या भिंतीला लागून एक घर आहे, पत्र्याचं. त्या घरची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. रोज सकाळी बाळाला आणि तिला न्हाऊ घातलं की धुरी देतात. गोवरीच्या निखाऱ्यावर ओवा, शेपा, लसणाची सालं. तिन्हीसांजेला पुन्हा. सव्वा महिना चालणार.

“नोटीस आली तेव्हाच का नाही सांगितलंत? तुमचं काम जाईल.”

“जाईल तर माझं जाईल.” हे त्या हसत म्हणाल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. “पाचवीला त्यांनी मला साखर दिली. म्या ती खाल्ली. आता त्यांच्याच दारात भांडन नेऊ?”

“मी त्या घराचं नाव लिहिणार नाही.”

“शप्पथ?”

“शपथ.”

“कुणाची?”

मला पटकन सुचेना.

“डबीची घ्या,” मावशी म्हणाल्या. “तुमचं दैवत तेच हाय.”

परत येताना मला सगळा उलगडा होत गेला. डबी बसवली त्या दिवशी मी खाली शिडी धरून उभी होते. भिंतीपलीकडच्या त्या खोलीत तेव्हा ज्वारीची पोती होती, मला आठवत होतं. लेकीसाठी ती खोली रिकामी केली असणार. भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटीतून निघणारा धूर डबीच्या थेट तोंडावर येत असणार. म्हणजे ती गल्लीची हवा मोजतच नव्हती, एका खोलीचा धूर मोजत होती. डबी छपराच्या दुसऱ्या टोकाला हलवली की शिंगं जातील. सोमवारी तसं सांगितलं की मावशी सुटतील. कुणाच्या दारात जायलाही नको.

मग मला वाटलं, डबी हलवली तर आकडा सुधारेल. बाळ त्याच खोलीत राहील.

शनिवारी सुट्टी होती. मी एक टोपरं विकत घेतलं, लोकरीचं, आणि मावशींबरोबर त्या घरी गेले. गल्लीच्या तोंडाशी मावशी म्हणाल्या, “आत गेल्यावर शाळेतल्यावानी वाचून दाखवू नका.” मी पर्समधला कागद आत सारला. होता माझ्याकडं एक.

बाळाची आजी पंचेचाळिशीची, हसरी बाई होती. “या, या. नगरपालिकेतल्या ना तुम्ही? त्या डबीवाल्या?”

मावशी मागून म्हणाल्या, “बाळ बघाया आल्यात.” मला आत बाजेपाशी बसवलं. मावशी उंबऱ्यापाशीच टेकल्या. त्यांना कुणी नको म्हटलं नव्हतं आणि आत याही म्हटलं नव्हतं. त्या रोज ज्या गल्लीची धूळ काढतात त्या गल्लीतल्या किती घरांत त्या उंबऱ्यापर्यंतच जातात, हे मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

खोलीत अंधार होता. वारा लागू नये म्हणून खिडकीत गोणपाट कोंबलेलं. बाजेवर माझ्यापेक्षा एखाद वर्षानं लहान मुलगी, कानाला स्कार्फ गुंडाळून बसलेली. मांडीवर तेल लावलेलं, नुकतं न्हालेलं बाळ. आजीनं शेगडी आत आणली आणि निखाऱ्यावर मूठभर ओवा-शेपा टाकला. वास खरं तर छान होता. मग धूर उठला. आधी पांढरी दोरी, मग चादर. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मुलीनं तोंड भिंतीकडं वळवलं. बाळ शिंकलं, मग खोकलं. एवढासा जीव, खोकल्याबरोबर सगळा हलला.

“धुरी लागली की कसं गाढ झोपतंय बघा,” आजी कौतुकानं म्हणाली.

अशा धुरानं तान्ह्या फुप्फुसांचं काय होतं, ते मला पाठ होतं. पण ते सगळं इंग्रजीत. मराठीत मला असं एकही वाक्य सापडेना की ज्यानं त्या बाईच्या मायेचा अपमान होणार नाही. म्हणून मी मोबाइल काढला आणि डबीची रेघ तिच्यापुढं धरली.

“हे काय?”

“तुमच्या भिंतीपलीकडची डबी. हवा कशी आहे ते सांगते. थोडं थांबा, आता बदलेल.”

पुढचा आकडा येईपर्यंत आम्ही थांबलो. शेगडी धुमसत होती. मग रेघ आमच्या डोळ्यांदेखत वर चढली, केशरी ओलांडून थेट लाल झाली.

“ही तुमची धुरी,” मी म्हणाले.

“अगं बाई! धुरी मोबाइलात दिसती व्हय?” तिला आधी अभिमानच वाटला. लेकीला दाखवलं, उंबऱ्याकडं मोबाइल धरून मावशींना दाखवलं. मग म्हणाली, “पर लाल कशानं झालं?”

“लाल म्हणजे वाईट. बस स्टँडवर उसाचे ट्रॅक्टर जातात ना, तेव्हाही एवढं होत नाही.”

“कुठं, हितं?”

“बाहेर, छपरावर. आत याहून जास्त असणार.”

बाजेवरून लेक म्हणाली, “आई, म्या म्हनत हुते न्हाय, डोळे लई चुरचुरतात म्हणून.”

“गप. तुझ्या येळंला मला बी अशीच धुरी दिली हुती. काय झालं मला?”

“तवा मोबाइल कुठं हुता!” मावशी उंबऱ्यावरून म्हणाल्या, आणि बाळंतिणीसकट सगळ्या हसल्या. मीही.

हसणं ओसरल्यावर आजी हळू आवाजात म्हणाली, “बंद कशी करू? चार बायका येत्यात बघाया. घरात धुरीचा वास न्हाय आला तर म्हनतील, आईनं लेकीचं काय बी केलं न्हाय.”

माझ्या कुठल्याच पुस्तकात हा प्रश्न नव्हता. मावशींकडं मात्र उत्तर होतं. “ओवा तव्यावर भाजा,” त्या म्हणाल्या. “फडक्यात पुरचुंडी बांधा आन् तिनं शेका. वास घरभर ऱ्हातो, धूर न्हाय. आन् ते गोणपाट दुपारच्याला काढत जा, ऊन येऊ द्या.”

आजीनं थोडा वेळ शेगडीकडं बघितलं. मग पदरानं धरून ती उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली. परत येताना दारात थांबून मावशींना म्हणाली, “तुम्ही दारात कशाला? आत बसा की, बाळ घ्या.” मावशींनी हात आपल्या जाकिटाला पुसले, पुन्हा पुसले, आणि आत आल्या.

रविवारी मी घरून मोबाइलवर बघत होते. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. रेघ पिवळीपर्यंत गेली आणि खाली आली. संध्याकाळचं शिंग होतं, पण अगदी वासराचं. एकदम कोण सोडतं?

सोमवारी बैठकीत मावशी भिंतीशी उभ्या होत्या, नोटिशीची घडी हातात. मी माझं बोलणं वहीत लिहून आणलं होतं, पण पान उघडायच्या आतच मुख्याधिकाऱ्यांनी मावशींचं नाव पुकारलं आणि मी उठले.

“साहेब, त्यांच्या आधी मला बोलायचंय.”

मुकादमांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू कपाट बोललं.

“मावशींनी पाला जाळलेला नाही. मी जागेवर न जाता कारण लिहिलं. शुक्रवारी त्या बाजारात होत्या आणि तरी त्याच वेळी आकडा वाढला. डबीच्या अगदी जवळच्या एका घरातला तो घरगुती धूर होता.”

“कोणाचं घर?”

“ते मी सांगणार नाही.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “सांगणार नाही म्हणजे?”

“धूर जवळजवळ थांबलाय, साहेब.” माझा आवाज कापत होता, पण निघत होता. “घराचं नाव कागदावर आलं तर पुढच्या वेळी मला कुणी दारात उभं करणार नाही. मग मला पुन्हा टेबलाशी बसून अंदाज करावा लागेल. अंदाजानं काय झालं, ते समोर आहे.”

त्यांनी हात पुढं केला. मी मोबाइल दिला. शुक्रवारची रेघ बघितली, रविवारची बघितली. दोन्ही पुन्हा बघितल्या. “आणि हे कागद काढले त्यात चूक कुणाची धरायची?”

“माझी. तसं लिहून देते.”

त्यांनी नोटिशीची ऑफिसातली प्रत पुढं ओढली, तिच्यावर तिरपी रेघ मारली आणि खाली सही केली. “जागेवर जात जा,” मला म्हणाले. मग मावशींकडं वळले. “उद्यापासून तुमच्या गल्लीत.”

“उद्या कशाला? आत्ताच जाते,” मावशी म्हणाल्या. “चार दिसांचा पाला साठला असंल.” बाहेर पडताना माझ्यापाशी थांबल्या. “म्याडमला आवाज हाय की.”

डबी मी हलवली, पण सव्वा महिना उलटल्यावर. आधी धूर जाऊ दिला, मग डबी नेली. हा क्रम मी मुद्दाम ठेवला. मधल्या दिवसांत बाळाची आजी मावशींना रोज विचारायची, “आमच्या धुरीचं शिंग आलं का?” ते ऐकून शेजारच्याही विचारायला लागल्या. शेवटी शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर मावशी रोज सकाळी रंगीत खडूनं एक गोल काढायला लागल्या. मी फोनवर आकडा सांगते, मराठीत, आणि त्या रंग ठरवतात. त्या गोलामुळं आणखी एक गोष्ट बाहेर आली. अंघोळीच्या पाण्याच्या बंबात काही घरं प्लॅस्टिक आणि जुन्या चपला घालायची. ते मला कुठल्याच रेघेनं सांगितलं नव्हतं. मावशींनी सांगितलं, आणि नोटिशीशिवाय बंदही करवलं. कसं, ते मी विचारलं नाही. “गोल पिवळा झाला की म्या त्या दारापुढं जरा जास्त येळ झाडते,” एवढंच त्या म्हणाल्या. सगळ्या घरांनी ऐकलेलं नाही. पण गेल्या हिवाळ्यात शाळेच्या फळ्यावर हिरवा खडू आधी संपला.

बाळ आता चालतं. ही गोष्ट लिहू का, असं मी त्याच्या आजीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “लिवा की. पर म्या धुरी थांबवली, हे बी लिवा.”

तक्त्यात आता एक रकाना वाढला आहे. ‘वाढीचे कारण’ याच्या आधी, ‘जागेवर कोणाला विचारले’. मी सुचवला, साहेबांनी मान्य केला. त्या नव्या तक्त्याचा पहिला महिना भरायचा होता तेव्हा मी कागद घेऊन शाळेपाशी गेले. मावशी पाल्याची खेप टाकून येत होत्या. मी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, “इथं तुमचं लिहिते.”

“काय लिवता, मावशी म्हणून?” त्यांनी खराटा काखेत धरला. “नोटिशीवर पुरं नाव हुतं. हितं बी पुरं लिवा.”

त्यांनी त्यांचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, एकेक करून सांगितलं. मी तिथंच ढकलगाडीच्या कडेवर कागद टेकवून ते लिहिलं आणि बरोबर आहे का म्हणून त्यांना दाखवलं. त्यांनी प्रत्येक अक्षरावर बोट ठेवत बघितलं.

“बरोबर हाय,” त्या म्हणाल्या.